पाचवा फ्लास्क

प्रयोगशाळेत तिला सगळे सासूबाई म्हणत. लग्न तिनं केलं नव्हतं, तेव्हा सून येण्याचा प्रश्नच नव्हता. पण वरच्या मजल्यावरून जे जे नवं औषध तयार होऊन खाली यायचं, त्यात खोट काढणं हेच तिचं काम होतं, आणि ते ती बावीस वर्षं मन लावून करत आली होती. औषध आलं की वरचे लोक म्हणायचे, "चला, सून सासरी निघाली." ती हसायची, पण खोट काढायचीच.

काम ऐकायला सोपं होतं. एचआयव्हीचा विषाणू फ्लास्कमधल्या पेशींवर वाढवायचा आणि त्याला नव्या औषधाचा अगदी थोडा डोस द्यायचा. तो कसाबसा तगला की आठवड्यानं त्याला ताज्या पेशींवर घ्यायचं आणि औषध तेवढंच ठेवायचं. अंगवळणी पडलं असं दिसलं की डोस दुप्पट करायचा. सगळी इमारत विषाणूला हरवायला बसलेली, आणि तिला पगार मिळायचा तो विषाणूला जिंकायची संधी द्यायचा. तो जिंकला की औषध बाद. आजवर चाळीस औषधं तिच्या हाताखालून गेली होती. काही सहा आठवड्यांत हरली, काही दहा, आणि सतरा नंबरचं तर पाचव्याच आठवड्यात.

एकेचाळीस नंबर मात्र हरत नव्हतं. सहा फ्लास्क, तीस आठवडे. दर तिसऱ्या आठवड्याला ती डोस चौपट करून बघायची आणि दर वेळी सहाही फ्लास्कमधला विषाणू मरायचा. मग जपून ठेवलेल्या विषाणूवर पुन्हा मागच्याच डोसला यायचं. वरच्या मजल्यावरचे प्रमुख, ज्यांनी या औषधावर दहा वर्षं घालवली होती, ते आता जिन्यात भेटले की म्हणायचे, "सासूबाई, या सुनेला नावं ठेवायला जागाच नाही." औषध माणसांना देऊन बघण्याचा टप्पाही निम्मा झाला होता. ज्या रोग्यांपुढे दुसरी वाटच उरलेली नव्हती, त्यांना ते खास परवानगीनं मिळणार, असंही ठरत आलं होतं.

या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं की त्या रोग्यांत तिचा थोरला भाऊ होता.

दादा छापखान्यात कामाला होता. तिसाव्या वर्षी त्याचा हात यंत्रात सापडला, रक्त फार गेलं, रक्त चढवावं लागलं. हात वाचला, पण त्या रक्तातून विषाणू आला. तेव्हा त्याच्यावर औषधं नव्हतीच. मग पहिलं आलं, ते त्यानं लगेच घेतलं. वर्षभरात विषाणू त्याला सरावला. दुसरं आलं, तेही एकट्यानं घेतलं. मग तिसरं, मग चौथं. तीन-तीन औषधं एकदम द्यायची असतात, म्हणजे विषाणूला एकाच वेळी तिघांना चुकवणं जमत नाही, ही अक्कल जगाला आली तोवर दादाच्या विषाणूनं प्रत्येक औषधाशी एकेकटी ओळख करून घेतली होती. त्यात दादाची चूक काहीच नव्हती. ज्या महिन्यात जे होतं ते त्यानं घेतलं, एवढंच. चौथ्यानंतरही गोळ्या चालूच होत्या. त्यांनी विषाणू मरत नव्हता, नुसता दमून चालत होता. दोन वर्षं तसंच रेटून चाललं होतं.

ती दादा-वहिनींकडेच राहायची. आई-वडील गेल्यावर तीन खोल्यांच्या त्या घरात तिची खोली तशीच राहिली, आणि वहिनींनी कधी त्यावरून चकार शब्द काढला नाही. वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. दादाच्या गोळ्यांच्या वेळा त्यांनी भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या आणि गेल्या अकरा वर्षांत एक गोळी चुकलेली नव्हती. दादा म्हणायचा, "हिच्या धाकानं विषाणूसुद्धा वेळेवर उठतो."

एका गुरुवारी अकराच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. ती तेव्हा आतल्या खोलीत जायची तयारी करत होती. दादाचा रिपोर्ट आला होता. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात पाचशेच्या वर असाव्यात. मागच्या खेपेला त्या दीडशे होत्या, आता नव्वद. वहिनींचा आवाज मात्र मोकळा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की एकेचाळीस नंबरच्या यादीत दादाचं नाव घालता येईल, महिनाअखेर सही करायची. "तुमच्याच कारखान्यातलं ना हो हे, वन्सं?" वहिनींनी विचारलं. ती हो म्हणाली, फोन ठेवला, दोन हातमोजे एकावर एक चढवले, तोंडावरचा मास्क आवळला आणि आत गेली. त्या दिवशी डोस चौपट करायचा होता. सहा फ्लास्क, सहा खुणा. नोंदवहीत सहाही खुणा नीट होत्या.

पुढच्या गुरुवारी तिनं पाचवा फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

निरोगी पेशी असतात गोल, सुट्या, वाळूच्या कणांसारख्या. इथं जागोजागी त्या फुगल्या होत्या, एकमेकींत मिसळून मोठमोठे ढग झाले होते. विषाणू चौपट औषधात मजेत वाढत होता. बाकीचे पाचही फ्लास्क स्वच्छ होते.

ती स्टुलावर बसून राहिली. हवा ओढणाऱ्या पंख्याची घरघर तेवढी चालू होती. मग तिच्या मनात जी पाल चुकचुकली ती औषधाबद्दल नव्हती, स्वतःबद्दल होती. मागच्या गुरुवारी पाचव्या फ्लास्कमध्ये आपण औषध घातलं होतं का? खूण होती. पण बावीस वर्षांत हाताला इतकी सवय झालेली की औषध मोजून घालायची पिपेट उचलायच्या आधीच पेन खूण करून मोकळं होई. डोळे मिटून तिनं तो गुरुवार आठवायचा प्रयत्न केला. चौथा फ्लास्क आठवत होता, सहावाही आठवत होता. पाचव्याच्या जागी वहिनींचा आवाज आणि नव्वदचा आकडा तेवढा ऐकू येत होता.

घातलंच नसेल तर विषाणू वाढणारच, त्यात नवल ते काय? फ्लास्क फेकून द्यावा, चूक झाली असं लिहावं, पुढच्या आठवड्यात पुन्हा करावं. कुणी काही विचारलं नसतं. पाच फ्लास्क स्वच्छ होते, आणि महिनाअखेरीला बावीस दिवस होते.

तिनं फ्लास्क परत कपाटात ठेवला, कपडे बदलले आणि वर गेली.

वर दोघं होती. प्रमुख, आणि जिला सगळे शिंपीण म्हणत ती रसायनतज्ज्ञ बाई. ती संगणकावर औषधाचे रेणू बेतायची, इथून कापायची, तिथं जोडायची. वयानं सासूबाईंहून बरीच लहान, बोलायला तुसडी, पण हात कसबी. एकेचाळीस नंबर तिनंच प्रमुखांच्या हाताखाली बेतलेलं होतं.

सासूबाईंनी तीन गोष्टी एका दमात सांगितल्या. पाचव्या फ्लास्कमधला विषाणू औषधातून सुटला आहे. त्यात औषध घातलं की नाही हे मला शपथेवर सांगता येत नाही. आणि माझा सख्खा भाऊ या औषधाच्या यादीत आहे, हे मी फार आधी सांगायला हवं होतं.

प्रमुख जे म्हणाले ते शांतपणेच म्हणाले. सहांपैकी एक फ्लास्क, तोही शंकेचा. माणसांना हे औषध एकटं द्यायचंच नाहीये, जोडीला दुसरी दोन असणार. एवढ्यासाठी सगळं थांबवायचं का? आणि भावाचं कळल्यावर तर तुम्ही या कामावर राहूच नये.

"नको राहायला," ती म्हणाली. "पण फ्रीझरमध्ये तिसाव्या आठवड्याचा पाचव्या फ्लास्कचा विषाणू आहे. तो बाहेर काढून पुन्हा करून बघा. औषध दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं घाला, म्हणजे झालं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रमुखांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. शिंपीण मात्र खुर्ची मागे सारून उठली. "मी घालते," ती म्हणाली. "माझ्याच औषधाची परीक्षा आहे."

असं ठरलं की दोन आठवडे प्रयोग शिंपीण करेल. फ्लास्कवर आकडे नसतील, नुसती अक्षरं असतील. कुठल्यात औषध आहे आणि कुठल्यात नुसतं पाणी, हे फक्त तिच्या वहीत असेल. सासूबाईंनी नुसतं बघून सांगायचं. आणि निकाल लागेपर्यंत बाहेर एक अक्षर बोलायचं नाही, घरीही नाही.

ते पंधरा दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. घरात आनंदीआनंद होता. वहिनींनी भिंतीवर नव्या गोळ्यांसाठी जागा आखून ठेवली. दादानं दोन वर्षांत पहिल्यांदा नवे बूट घेतले आणि ते पायात घालून खोलीभर फिरून दाखवले. जेवताना वहिनी तिला विचारायच्या, औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, झोप येते का, उलटी होते का. ती जेवढं छापील कागदावर होतं तेवढं सांगायची. घास तोंडात फिरत राहायचा. एकदा दादा म्हणाला, "चिमे, तुझं वजन उतरलंय. औषध मी घेणार आहे की तू?" पन्नाशीच्या बहिणीला चिमी म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता. ती म्हणाली, काम वाढलंय. तोंडावर खोटं बोलायची वेळ तिच्यावर याआधी आली नव्हती.

इकडे आड, तिकडे विहीर. फ्लास्क स्वच्छ निघाले तर चूक तिची होती, बावीस वर्षांचं नाव धुळीला मिळणार होतं, पण दादाला औषध मिळत होतं. फ्लास्क ढगाळले तर ती खरी ठरत होती. आपण चुकलेलो असावं, असं तिनं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून मागितलं.

सोळाव्या दिवशी शिंपिणीनं आठ फ्लास्क तिच्यापुढे मांडले. तिनं एकेक बघितला. क, ग, च, ज यांत ढग होते. बाकी स्वच्छ. शिंपिणीनं वही उघडली. च आणि ज मध्ये नुसतं पाणी होतं, तिथं ढग असणारच. पण क आणि ग मध्ये चौपट औषध होतं, आणि विषाणू तोच, पाचव्या फ्लास्कचा. स्वच्छ राहिलेल्या चारांत औषध तेवढंच होतं, पण विषाणू दुसऱ्या फ्लास्कचे.

"तुम्ही औषध घातलं होतं," शिंपीण म्हणाली.

सासूबाई खाली बसल्या. डोळ्यांत पाणी आलं ते सुटकेचं होतं की कशाचं, तिला कळलं नाही.

विषाणूचे जनुक वाचून झाले तेव्हा एकच बदल सापडला. शिंपिणीनं तो तिला पडद्यावर दाखवला. विषाणूकडे एक कात्री असते. त्याची प्रथिनं आधी एका लांब पट्टीत तयार होतात, आणि ती पट्टी योग्य ठिकाणी कापली तरच नवा विषाणू धड बनतो. एकेचाळीस नंबर जाऊन त्या कात्रीच्या तोंडात अडकायचं आणि कात्री बंद पाडायचं. पट्टी कात्रीत जिथं बसते तेवढी जागा शिंपिणीनं निळ्या रंगात दाखवली. औषध पिवळ्या रंगात. पिवळा रंग जवळजवळ सगळा निळ्याच्या आत होता. एका बाजूला मात्र एक शेपूट बाहेर आलेलं होतं. ते जिथं टेकत होतं, बरोबर तिथंच विषाणूनं आपली कात्री किंचित बदलली होती.

"त्या शेपटानंच औषधाची पकड घट्ट होत होती," शिंपीण म्हणाली. "सरांना त्याचं फार कौतुक होतं."

"नाकापेक्षा मोती जड," सासूबाई म्हणाल्या.

शिंपिणीनं बघितलं, आणि पहिल्यांदाच हसली. खरंच तसं होतं. औषध जिथं पट्टीच्या जागेबाहेर जातं, तिथं कात्री बदलली तर विषाणूचं काहीच बिघडत नाही. पट्टी कापली जातेच. पण औषध जर पट्टीच्याच मापात बसवलं, सूतभरही बाहेर नाही, तर औषध चुकवायला विषाणूला आपली पट्टीही चुकवावी लागेल. म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. शेपूट कापून नवं औषध बेतायचं, असं शिंपिणीच्या डोक्यात त्याच दिवशी आलं. पण त्याची पकड सैल असणार होती, डोस जास्त लागणार होता, आणि माणसांपर्यंत पोचायला दोन-तीन वर्षं तरी लागणार होती.

प्रमुखांनी मान्य केलं. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. त्यांनीच पत्र लिहिलं आणि सगळ्या डॉक्टरांना पाठवलं: ज्या रोग्याला जोडीला लागू पडणारी दुसरी औषधं आहेत, त्याला एकेचाळीस नंबर जरूर द्यावं. ज्याच्याजवळ एकही नाही, त्याच्या बाबतीत हे औषध एकटं पडेल आणि विषाणू त्याला सरावण्याचा धोका आहे. अशा रोग्याला सगळं सांगून निर्णय त्याच्यावर सोडावा.

दादाजवळ एकही नव्हतं.

पत्र डॉक्टरीणबाईंना मंगळवारी मिळालं, आणि त्याच संध्याकाळी दादा-वहिनी तिथून परतले. ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. वहिनींनी पर्स टेबलावर ठेवली, पाणीही प्यायल्या नाहीत.

"वन्सं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तीन आठवडे होत आले."

"आणि मी इथं भिंतीवर रेघा मारत होते."

तिनं सांगायचा प्रयत्न केला की बोलायची मुभा नव्हती, निकाल लागायचा होता. वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या बाटलीत काय होतं ते तुमच्या बाटलीत. सहांतल्या एकीत झालं ना? पाचांत नाही झालं. मी गणित शिकवते, मला सहांतले पाच म्हणजे किती ते कळतं. माझ्या घरात माणूस आहे."

वहिनींचं गणित चुकीचं नव्हतं. फक्त दादाच्या अंगातला विषाणू म्हणजे सहा फ्लास्क नव्हते, असे कोट्यवधी फ्लास्क होते, आणि त्यातल्या एकानं जरी शिकून घेतलं तरी पुरे होतं. ते तिनं सांगितलं नाही. त्या क्षणी ते सांगणं म्हणजे जखमेवर मीठ झालं असतं.

दादा दारात उभा राहून ऐकत होता. नवे बूट अजून पायात होते. तो आत येऊन बसला आणि तिला म्हणाला, "तुझं काय म्हणणं?"

"मला विचारू नकोस, दादा."

"तुला नाही तर कुणाला? तू रोज त्याला बघतेस. मी तर त्याला कधी बघितलं पण नाही."

तिनं हातातली ताटली खाली ठेवली. इतकी वर्षं औषधांबद्दल ती बोलत आली होती, माणसाबद्दल हे पहिल्यांदाच. "घेतलंस तर पहिले काही महिने फार बरं वाटेल," ती म्हणाली. "पेशी वाढतील, वजन वाढेल. मग तो सरावेल असं मला वाटतं. आणि एकदा का त्या कात्रीनं चाल बदलली, तर पुढचं जे येतंय त्यालाही तो थोडा सरावलेलाच असेल. आत्ताच्या जुन्या गोळ्या चालू ठेवल्यास तर तो दमलेला राहील, मरणार नाही. पण पुढचं येईपर्यंत तू टिकशील का, ते मला माहीत नाही. ते कुणालाच माहीत नाही."

दादानं वहिनींच्या पर्समधून सहीचा कागद काढून टेबलावर पसरला. "चारदा घाई केली," तो म्हणाला. "चारदा एकट्याला पुढे पाठवलं, आणि चारही गेले." त्यानं कागदाची घडी घातली आणि वहिनींच्या पर्सच्या कप्प्यात ठेवून दिली. सही त्यानं केली नाही.

वहिनी त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलू लागल्या. दूध संपलंय. पाहुणे येणार आहेत. किल्ली ठेवली आहे.

शिंपिणीचं बिनशेपटीचं औषध सात महिन्यांत खाली आलं. कपाटावर त्याचा नंबर त्रेपन्न होता. सासूबाईंना आता त्या कामावर ठेवावं की नाही यावर वर चर्चा झाली, आणि शेवटी असं ठरलं की फ्लास्कवर अक्षरं राहतील, वही शिंपिणीकडे राहील, पण हात आणि डोळे सासूबाईंचेच असतील. त्याला पर्याय नव्हता. तिनं सहाऐवजी बारा फ्लास्क लावले. आधीच्या सगळ्या हरलेल्या औषधांना सरावलेले जुने विषाणू फ्रीझरमधून काढून तेही त्यावर सोडले. पाचव्या फ्लास्कचाही सोडला. औषधाला इतक्या क्रूरपणे तिनं कधीच वागवलं नव्हतं. शिंपीण एकदा म्हणाली, "तुम्ही भावाच्या जिवावर उठल्यासारखं करताय." ती म्हणाली, "इथं हरायचं असेल तर हरू दे. त्याच्या अंगात नको."

दर गुरुवारी ती मायक्रोस्कोपला डोळा लावायची. दहा आठवडे, वीस, तीस. कात्री बदललेले विषाणू मधूनमधून दिसायचे, पण ते पांगळे असायचे. औषध चुकवायचे आणि स्वतःची पट्टी नीट कापू शकायचे नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत विरून जायचे. बदललेला पाचव्या फ्लास्कचा विषाणू जरा जास्त टिकला, मग तोही गेला. सगळं डोळ्यांत तेल घालून बघूनही तिला खोट सापडेना, आणि खोट सापडत नाही याचीच तिला धास्ती वाटू लागली.

घरी दादाच्या पेशी नव्वदवरून साठ झाल्या, साठावरून चाळीस. अकराव्या महिन्यात त्याच्या डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले. त्यानं ते चार दिवस कुणाला सांगितलं नाही. वाटलं, वयामुळे असेल. पाचव्या दिवशी दाराच्या चौकटीवर आपटला तेव्हा कळलं. शरीराची राखण दुबळी झाली की आत दडून बसलेला दुसराच एक जंतू डोळ्याच्या पडद्यात उतरतो, तसं झालं होतं. तीन आठवडे इस्पितळात सुया चालल्या. उजवा डोळा वाचला. डावा गेला.

इस्पितळाच्या बाकावर त्या दोघी शेजारी बसल्या होत्या. वहिनी समोर बघत म्हणाल्या, "सही केली असती तर डोळा राहिला असता."

"हो," ती म्हणाली. "बहुतेक राहिला असता."

वहिनींना भांडण अपेक्षित असावं. त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं, आणि पिशवीतली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

त्रेपन्न नंबर आणखी दीड वर्षानं मिळालं. दरम्यान दुसऱ्याच एका प्रयोगशाळेतून अगदी वेगळ्या जातीचं आणखी एक औषध आलं होतं. विषाणूला पेशीत शिरूच न देणारं. दोन्ही एकाच दिवशी सुरू करायची, असं डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, आणि त्यासाठी त्यांनी दुसरं औषध हातात असूनही सहा आठवडे थांबवून धरलं. ते सहा आठवडे सगळ्यांत अवघड गेले. कपाटात गोळ्या होत्या आणि घ्यायच्या नव्हत्या. दादा रोज कपाटाच्या दारावर टिचकी मारायचा आणि निघून जायचा. अंगावर मांस उरलं नव्हतं, जिना चढताना तीनदा थांबायचा.

दोन्ही औषधं सुरू झाली. महिन्यानं रक्त गेलं. रिपोर्टच्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा गुरुवारची रजा घेतली आणि फ्लास्क शिंपिणीच्या हवाली केले. डॉक्टरीणबाईंनी कागद दादाच्याच हातात दिला. त्यानं उजवा डोळा जवळ नेऊन वाचला, मग पुन्हा वाचला. विषाणू शंभरात एक उरला होता. तिसऱ्या महिन्यात मोजता येण्याच्या खाली गेला. पेशी चाळीसवरून सत्तर, मग दीडशे. वर्षभरानं दोनशे दहा. पाचशे काही झाल्या नाहीत, होणारही नव्हत्या.

सासूबाई अजून फ्लास्क चालवत होत्या. विषाणूला घाई नसते, हे तिला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. शिंपीण विचारायची, आता तरी सून पसंत आहे का? ती म्हणायची, आणखी दोन वर्षं नांदू दे, मग सांगते.

एका संध्याकाळी वहिनी दादाला दाखवून परत आल्या आणि जेवताना म्हणाल्या, दवाखान्यात एक गृहस्थ भेटले. त्यांनी तेव्हा सही केली होती, एकेचाळीस नंबरवर. दादासारखेच, जोडीला काही नसलेले. सातव्या महिन्यात त्यांचा विषाणू परत आला. आता त्यांना त्रेपन्नही अर्धवटच लागू पडतंय.

दादा ताटात बघून जेवत राहिला.

मग वहिनी म्हणाल्या, "दुसरी एक बाई होती. तिनंही सही केली होती. तिला काही झालं नाही. अजून चांगली आहे. दोन्ही डोळ्यांनी बघते."

"असेल," ती म्हणाली.

"म्हटलं, दोन्ही सांगावं," वहिनी म्हणाल्या, आणि भांड्यात उरलेलं होतं ते डावानं निम्मं-निम्मं करून आधी तिच्या ताटात वाढलं, मग दादाच्या.